आपोआप लागणारे कुलूप

ठाण्याची वागळे इस्टेट, डोंबिवलीची औद्योगिक वसाहत, भिवंडी परिसरातील गोदामे आणि कल्याणच्या बाजारपेठेतील जुन्या पेढ्या यांचे व्यवहार एकमेकांपासून भिन्न असले, तरी गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्यांच्यात एक साम्य निर्माण झाले आहे. त्यांचे हिशेब, पत्रव्यवहार, पगारपत्रके आणि मालाची बिले आता कचेरीतील कपाटात राहत नाहीत. ती दूरच्या कोठल्या तरी संगणक केंद्रात साठविली जातात आणि महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी भरून इंटरनेटवरून वापरली जातात. या व्यवस्थेला 'क्लाउड' असे नाव पडले आहे. नाव मेघाचे असले, तरी स्वरूप भाड्याच्या तिजोरीचे आहे. तिजोरी दुसऱ्याची, आतला ऐवज आपला आणि दोहोंच्या मध्ये एक पासवर्ड.

या पासवर्डची अवस्था काय असते, हे छोट्या कचेरीत काम केलेल्या कोणालाही सांगावयास नको. तो चार जणांत सामाईक असतो, संगणकाच्या कडेला चिठ्ठीवर लिहून चिकटविलेला असतो आणि नोकरी सोडून गेलेल्या हिशेबनिसालाही पाठ असतो. सनदी लेखापालाच्या कचेरीत तर अनेकदा साऱ्या अशिलांचे पासवर्ड एकाच वहीत नोंदलेले आढळतात.

अशा कचेऱ्यांना १ एप्रिल २०२५ रोजी एका बदलाला तोंड द्यावे लागले. मालाच्या वाहतुकीसाठी लागणारे ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइस ज्या शासकीय संगणक प्रणालीवर तयार होतात, तिच्यात केवळ पासवर्ड देऊन प्रवेश मिळणे त्या दिवसापासून सर्वांसाठी बंद झाले. पासवर्डनंतर मोबाइलवर येणारा ओटीपी, किंवा ठरावीक ॲपमधून मिळणारा आकडा, देणे सक्तीचे झाले. हा नियम वर्षाला १०० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असणाऱ्यांना २०२३ मध्ये, २० कोटींच्या वरच्यांना १ जानेवारी २०२५ पासून, ५ कोटींच्या वरच्यांना १ फेब्रुवारीपासून आणि उरलेल्या सर्वांना १ एप्रिलपासून, असा पायऱ्यापायऱ्यांनी लागू झाला. ट्रक भरून उभा आहे, बिल बनविणारा कारकून संगणकासमोर बसला आहे आणि ओटीपी मात्र लोकलमध्ये अडकलेल्या मालकाच्या मोबाइलवर गेला आहे, ही अडचण या व्यवस्थेत सहज उद्भवते. तिच्यावर उपाय त्याच प्रणालीत आहे. मालकाने कारकुनासाठी स्वतंत्र उपखाते काढून त्याचा मोबाइल क्रमांक नोंदविला, की ओटीपी थेट त्याच्याकडे जातो. परंतु उपाय असणे आणि तो वेळेवर ठाऊक असणे यांत जे अंतर पडते, तेच या विषयाचे मर्म आहे.

न मागता मिळालेली सुरक्षितता

शासनाने जे आपल्या अधिकाराने केले, तेच जगभरच्या खासगी संगणक कंपन्या वर्गणीच्या कराराच्या बळावर करीत आहेत. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१९ पासून आपल्या व्यावसायिक सेवेच्या नव्या ग्राहकसंस्थांसाठी मूलभूत सुरक्षेची एक योजना आरंभापासूनच चालू ठेवण्यास सुरुवात केली. जुन्या ग्राहकांपैकी ज्यांनी सुरक्षेसाठी काहीच केलेले नव्हते, त्यांच्या खात्यांतही ती चालू केली जाईल, असे मे २०२२ मध्ये जाहीर झाले. अशी खाती सुमारे ६ कोटी होती. वापरणाऱ्याला दुसऱ्या पडताळणीची नोंदणी करण्यासाठी १४ दिवसांची सवलत होती. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने वरच्या दर्जाची वर्गणी भरणाऱ्या संस्थांसाठी प्रवेशाचे काही नियम स्वतःच तयार करून त्यांच्या खात्यांत ठेवण्याचे ठरविले. हे नियम प्रथम केवळ निरीक्षणापुरते राहतील, ग्राहकाला ते तपासण्यास ९० दिवस मिळतील आणि त्याने हरकत न घेतल्यास ते अमलात येतील, अशी त्या वेळची योजना होती.

इतर कंपन्यांची वाटचाल याच दिशेने झाली. सेल्सफोर्स या व्यापारी सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने १ फेब्रुवारी २०२२ पासून ग्राहकांवर दुहेरी पडताळणी बंधनकारक केली. गूगलने २०२१ अखेरपर्यंत १५ कोटी लोकांच्या खात्यांत ती आपणहून चालू केली आणि त्या खात्यांतील घुसखोरी निम्म्याने घटल्याचे पुढे जाहीर केले. टाळेबंदीत घरून शिकविणाऱ्या शिक्षकांना तर याचा प्रत्यक्ष अनुभव आहे. तासाच्या मध्येच अनोळखी लोक शिरून धिंगाणा घालू लागले, तेव्हा झूम या सेवेने ५ एप्रिल २०२० पासून शाळांच्या आणि विनामूल्य खात्यांच्या सभांना पासवर्ड आणि प्रतीक्षाकक्ष आपोआप लागू केले.

ग्राहकाने न मागता, कित्येकदा त्याच्या ध्यानातही न येता, त्याच्या दाराला असे कुलूप लावणे योग्य आहे काय? हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो अर्थशास्त्राचा आणि काही अंशी न्यायाचा आहे.

काहीच न करणाऱ्यांचे बहुमत

पारंपरिक अर्थशास्त्र असे मानते, की माणसासमोर पर्याय ठेवले म्हणजे तो नफा-तोट्याचा विचार करून त्यांतील एक निवडतो. प्रत्यक्षात बहुसंख्य माणसे काहीच निवडत नाहीत. वस्तू ज्या स्थितीत हाती येते, त्याच स्थितीत ती वापरतात. ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शे या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत उद्बोधक आहे. अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीत सेवानिवृत्ती-बचतीच्या योजनेत स्वतः अर्ज करून सामील व्हावे लागे, तेव्हा नव्या कर्मचाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी लोक सामील होत. कंपनीने नियम उलटा केला. प्रत्येकाला आपोआप सामील करून घेतले आणि ज्याला नको असेल त्याने बाहेर पडावे, असे ठरविले. त्याबरोबर सामील असणाऱ्यांचे प्रमाण ८६ टक्क्यांवर गेले. योजना तीच होती आणि लाभही तेच होते. बदलला तो केवळ गप्प बसण्याचा अर्थ.

संगणक सुरक्षेच्या क्षेत्रातही हेच दिसून आले. दुहेरी पडताळणीची सोय अनेक वर्षे उपलब्ध असूनही जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या व्यावसायिक खात्यांपैकी केवळ ११ टक्के खात्यांत ती वापरली जात होती. त्या एका महिन्यात सुमारे १२ लाख खात्यांत घुसखोरी झाली आणि त्यांतील ९९.९ टक्के खात्यांना ही पडताळणी नव्हती, असे कंपनीच्याच तज्ज्ञांनी सांगितले. सोय होती, ती विनामूल्य मिळू शकत होती, तिच्याविषयी लेखही पुष्कळ लिहिले गेले होते. परंतु ती चालू करण्याचे काम ज्याच्यावर सोपविले होते, त्याला अन्य दहा कामे होती. वागळे इस्टेटमधील वीस कामगारांच्या कारखान्यात संगणकासाठी वेगळा अधिकारी नसतो. जो हिशेब लिहितो, तोच बँकेत जातो, तोच ई-मेल पाहतो आणि सेवा घेताना ज्याने प्रथम खाते उघडले, तोच तेथला ‘ॲडमिन’ ठरतो. सुरक्षेची कळ शोधून दाबण्याची अपेक्षा त्याच्याकडून करणे म्हणजे व्यवहाराकडे पाठ फिरविणे होय.

चालू केलेल्या कुलपाचा आणखी एक लाभ आहे आणि तो कारकून वर्गाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अशा कचेऱ्यांत होणारी फसवणूक बहुधा साध्या रीतीने होते. कोणी तरी चोरलेला पासवर्ड वापरून ई-मेलच्या खात्यात शिरतो, काही दिवस मुकाट्याने पत्रव्यवहार वाचतो आणि नेमके मोठे बिल चुकते करावयाच्या वेळी पुरवठादाराच्या नावाने पत्र पाठवितो: आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे, यापुढे रक्कम नव्या क्रमांकावर भरावी. पत्राची भाषा ओळखीची असते आणि मागचा सारा पत्रव्यवहार खाली जोडलेला असतो. कारकून रक्कम भरतो. पुढे चौकशी होते, तेव्हा दोष तिजोरी देणाऱ्याचा निघत नाही आणि मालकाचाही निघत नाही. शेवटी ज्याने कळ दाबली, त्याच्याच अंगावर तो येतो. सुरक्षितता ऐच्छिक ठेवण्याचे परिणाम असे सर्वांत खालच्या पायरीवर येऊन थांबतात.

शेजाऱ्याच्या काचा

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. कचेरी ज्याची, धोका त्याचा; त्याला कुलूप लावावयाचे नसेल, तर इतरांनी ते का लावावे? हे उत्तर डोंबिवलीकरांना पटणे कठीण आहे. २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी तेथील औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. त्यांत कामगारांचे प्राण गेले आणि ज्यांचा त्या कारखान्यांशी काही संबंध नव्हता, अशा दूरच्या घरांच्या काचाही फुटल्या. बाष्पकावर सुरक्षा-झडप बसवावी की नाही, हे म्हणूनच कारखानदाराच्या मर्जीवर ठेवलेले नाही. धोका एकाने पत्करावयाचा आणि त्याचा भार अनेकांनी सोसावयाचा, या प्रकाराला अर्थशास्त्रात ‘बाह्य परिणाम’ म्हणतात आणि तो जेथे असतो, तेथे केवळ खासगी निवडीवर विसंबून चालत नाही.

क्लाउडमधील व्यवहार याच वर्गात मोडतात. एका लेखापालाच्या खात्यात चोर शिरला, की त्याच्या सर्व अशिलांची कागदपत्रे उघडी पडतात. शिकवणी वर्गाचे खाते फुटले, की विद्यार्थ्यांचे पत्ते आणि पालकांचे फोन क्रमांक बाहेर जातात. २०२४ मध्ये स्नोफ्लेक या माहिती-साठवणूक कंपनीच्या ग्राहकांवर झालेला हल्ला हे याचे मोठे उदाहरण होय. चोरांनी कंपनीची भिंत फोडली नव्हती. ग्राहकसंस्थांचे पूर्वीच चोरीला गेलेले पासवर्ड त्यांनी वापरले आणि ज्या खात्यांना दुहेरी पडताळणी नव्हती, त्यांत ते सरळ शिरले. सुमारे १६५ संस्थांना याची झळ पोहोचण्याचा संभव असल्याचे तपास करणाऱ्यांनी म्हटले. खरे नुकसान मात्र त्या संस्थांकडे ज्यांची माहिती होती, त्या कोट्यवधी लोकांचे झाले. त्यानंतर कंपनीने नव्या खात्यांत ही पडताळणी आरंभापासून चालू ठेवण्याचे ठरविले. जी कळ आधीच दाबता आली असती, ती घात झाल्यावर दाबली गेली.

महाराष्ट्रालाही अशी किंमत मोजावी लागली आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणक प्रणालीत शिरून चोरांनी तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले; बनावट कार्डांनी पैसे काढण्याचे प्रकार २८ देशांत घडले. ही घटना पासवर्डच्या साध्या चोरीपेक्षा फार गुंतागुंतीची होती. पण सहकारी क्षेत्रातील संस्थेलाही जगातील कोठलाही चोर गाठू शकतो, हे तिने दाखवून दिले. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या तंत्रसेवा पुरविणाऱ्या कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाला, तेव्हा धोका पसरू नये म्हणून तिला राष्ट्रीय देयक यंत्रणेपासून तात्पुरते तोडावे लागले आणि तिच्यावर अवलंबून असणाऱ्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार खोळंबले. एका सामाईक तिजोरीवर किती दारे अवलंबून असतात, हे त्या वेळी दिसले.

भारताचा जुना अनुभव

सक्तीच्या सुरक्षेमुळे व्यापार मंदावेल, ही भीती जुनीच आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरील कार्ड-व्यवहारांना कार्डावर न छापलेली एक जादा खूण देणे बंधनकारक केले, तेव्हाही ग्राहक कंटाळून खरेदी सोडून देतील, असे म्हटले गेले होते. २०१४ मध्ये काही कंपन्या परदेशातून व्यवहार वळवून हा नियम टाळीत असल्याचे दिसून आले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने त्यांना ती वाट बंद करावयास लावली. त्यानंतरच्या दशकात भारतात इंटरनेटवरील खरेदी-विक्री किती वाढली, हे सर्वांसमोर आहे. ओटीपीमुळे व्यापार बुडाला नाही. उलट ज्या मध्यमवर्गीय गृहस्थाला कार्ड बाहेर काढण्याची भीती वाटे, त्याला त्यामुळे धीर आला, असे म्हणता येईल.

याच बँकेने २०२० मध्ये आणखी एक पाऊल टाकले. नवे कार्ड हाती येईल, तेव्हा ते केवळ देशांतर्गत एटीएम आणि दुकानातील यंत्रावर चालेल. परदेशातील किंवा इंटरनेटवरील वापर ज्याला हवा, त्याने तो स्वतः सुरू करून घ्यावा, असा नियम झाला. येथे ‘गप्प बसण्याचा अर्थ’ शासकीय नियमाने बदलला. गप्प बसणारा ग्राहक पूर्वी उघडा होता. तो आता झाकलेला राहिला. सहकारी बँकांच्या बाबतीतही रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये किमान सुरक्षेची चौकट घालून दिली आणि डिसेंबर २०१९ मध्ये तिचे चार स्तर केले. बँकेचे व्यवहार जितके गुंतागुंतीचे, तितकी बंधने अधिक, असे त्याचे स्वरूप होते. ठाणे आणि डोंबिवलीसारख्या, सहकारी बँकांची परंपरा असलेल्या शहरांना ही पद्धत परिचित आहे. किमान संरक्षण सर्वांना आणि त्यापुढचे ऐपतीनुसार व धोक्यानुसार, हे तत्त्व क्लाउड सेवेलाही लागू करण्यासारखे आहे.

आक्षेपांतील तथ्य

असे असले, तरी आपोआप लागणाऱ्या कुलपाविषयीचे सर्वच आक्षेप अज्ञानातून आलेले नाहीत. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या संगणकांवर आपोआप पाठविलेल्या एका सदोष बदलामुळे जगातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमानतळांवर प्रवाशांच्या रांगा लागल्या आणि भारतात काही ठिकाणी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. जो हात सर्वांच्या दारांना एकाच वेळी कुलूप लावू शकतो, तो चुकला तर सर्वच बाहेर राहतात.

लहान कचेरीची अडचण याहून साधी, पण तितकीच खरी आहे. मोबाइल हरवला, क्रमांक बदलला किंवा ज्याच्या नावावर नोंदणी होती तो नोकरी सोडून गेला, तर स्वतःच्याच हिशेबात शिरता येत नाही. मार्चच्या अखेरीस अशी पाळी आली, तर सेवा देणाऱ्या कंपनीच्या परदेशातील साहाय्य केंद्राशी इंग्रजीत पत्रव्यवहार करीत बसण्यास कोणाला वेळ असतो? नव्या सुरक्षेची सूचना आलेली असते; पण ती ज्या ई-मेल पत्त्यावर येते, तो कित्येकदा कोणी उघडतच नाही. आणखी एक प्रश्न कर्मचाऱ्यांचा आहे. कचेरीच्या पडताळणीसाठी मोबाइल मात्र कारकुनाचा स्वतःचा वापरला जातो. त्या मोबाइलवर कोणते ॲप असावे, तो बिघडल्यास खर्च कोणी सोसावा आणि नोकरी सुटल्यावर त्या नोंदणीचे काय करावे, याविषयी बहुतेक ठिकाणी कसलाही नियम नसतो.

याखेरीज आपोआप मिळालेल्या सुरक्षेचा एक सूक्ष्म दोष आहे. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी कंपनीत आपोआप सामील झालेल्या कर्मचाऱ्यांपैकी पुष्कळ जण कंपनीने ठरविलेल्या किमान वर्गणीवरच थांबून राहिले. आरंभ सोपा झाला, पण पुढचे पाऊल कोणी टाकले नाही. ‘कंपनीने सुरक्षा चालू केली आहे’ एवढ्या समाधानावर कचेरी विसंबून राहिली, तर हिशेबाची वेगळी प्रत काढून ठेवणे, गेलेल्या माणसाचे खाते बंद करणे आणि बँक खात्यातील बदल फोनवरून पडताळून पाहणे ही कामे तशीच राहतात. ओटीपीदेखील गोड बोलून काढून घेता येतो, हे तर आता घरोघरी ठाऊक झाले आहे.

किल्ली ज्याच्याकडे, जबाबदारी त्याची

या सर्व वादाच्या मुळाशी जबाबदारीच्या वाटणीचा प्रश्न आहे. केंब्रिज विद्यापीठातील रॉस अँडरसन यांनी २००१ मध्ये एक निबंध लिहून दाखवून दिले, की संगणक सुरक्षेतील अपयशाचे कारण बहुधा तंत्राचे नसून प्रोत्साहनाचे असते. एटीएममधून पैसे गेल्याची तक्रार आल्यास अमेरिकेत ग्राहक खोटा असल्याचे सिद्ध करण्याचा भार बँकेवर होता. ब्रिटनमध्ये तो व्यवहारतः ग्राहकावर होता. ब्रिटनमधील बँकांना त्यामुळे सुखाची नोकरी वाटावी, अशी स्थिती होती; पण परिणाम उलटा झाला. तक्रारी धुडकावता येत असल्याने त्या बँका बेफिकीर बनल्या आणि तेथे फसवणूक वाढली. जो धोका कमी करू शकतो, त्याच्यावर नुकसानीचा भार टाकला, तरच धोका कमी होतो.

भारतात रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात याच तत्त्वाला अनुसरून सांगितले, की दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून यंत्रणेत अन्यत्र असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याची जबाबदारी शून्य राहील. सॉफ्टवेअरची वर्गणी भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला असे कवच नाही. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेला सामान्यतः लागू होत नाही. वर्गणीच्या करारात नुकसानभरपाईची कमाल मर्यादा बहुधा काही महिन्यांच्या वर्गणीइतकीच ठेवलेली असते. दुसऱ्या बाजूने २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे सुरक्षेचा निर्णय कंपनीने घ्यावयाचा आणि ती अपुरी ठरल्यास उत्तर कचेरीने द्यावयाचे, अशी ही वाटणी होते.

त्यातच सुरक्षेचे काही भाग महाग वर्गणीत राखून ठेवण्याची प्रथा आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात अमेरिकी सरकारी खात्यांच्या मायक्रोसॉफ्टवरील ई-मेलमध्ये परकीय हेरांनी प्रवेश केल्याचे उघड झाले. ते ज्या नोंदींमुळे समजले, त्या नोंदी केवळ वरच्या दर्जाची वर्गणी भरणाऱ्यांनाच दिसत होत्या. टीका झाल्यावर कंपनीने त्या साध्या वर्गणीतही देण्याचे मान्य केले. घरात चोर शिरला होता, हे कळण्यासाठी वेगळे भाडे आकारणे कोणत्याही घरमालकाला शोभणार नाही.

तेव्हा कुलूप आपोआप लागावे, हे निःसंशय; मात्र त्याबरोबर चार गोष्टींचा आग्रह धरावयास हवा. बदलाची सूचना पुरेशी आधी आणि ग्राहकाच्या भाषेत, येथे मराठीत, मिळावी. मोबाइल हरवल्यास खाते परत मिळविण्याचा मार्ग सोपा, जलद आणि स्थानिक असावा. किमान संरक्षण आणि घुसखोरीच्या नोंदी सर्वांत स्वस्त वर्गणीतही असाव्यात. आणि ज्या कंपनीने स्वतः नियम ठरविला, तिने त्या नियमातील दोषाची भरपाई वर्गणीच्या मर्यादेत कोंडून ठेवू नये. व्यापारी संघटना आणि लेखापालांच्या संस्था या मागण्या एकत्रितपणे मांडू शकतात. एकट्या कारखानदाराचे तेथे कोणी ऐकणार नाही.

या भागातील नोकरदारांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. ९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा या स्थानकांदरम्यान गर्दीने भरलेल्या लोकलच्या दारातून प्रवासी खाली पडले आणि किमान चौघांचे प्राण गेले. त्यानंतर लोकलची दारे आपोआप बंद होणारी असावीत, असा निर्णय रेल्वेने जाहीर केला. साध्या डब्यांची दारे बंद केली तर माणसे गुदमरतील, हा प्रश्न लगेच पुढे आला आणि म्हणून दाराला झडपा, छतावर हवेची योजना आणि डब्यांना जोडणारी वाट यांचाही आराखड्यात समावेश करावा लागला. दार उघडे ठेवण्याचे स्वातंत्र्य कोणी मागितले नाही. दार बंद झाल्यावर आत श्वास घेता यावा, एवढेच मागितले. क्लाउडच्या दारांविषयी कल्याण-डोंबिवलीच्या कचेऱ्यांचे मागणे याहून वेगळे असण्याचे कारण नाही.